मोगलीची सोळा चित्रे

लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनसंस्थेने १९०३ मध्ये एक मोठा चित्रसंच बाजारात आणला. त्यात बांधलेले पुस्तक नव्हते, मजकूरही नव्हता. जाड पुठ्ठ्याच्या बस्त्यात सोळा सुटी रंगीत छापचित्रे होती. विषय रुडयार्ड किपलिंगच्या 'द जंगल बुक'चा आणि चित्रकार मॉरिस व एडवर्ड डेटमोल्ड हे जुळे भाऊ. त्यांचे वय तेव्हा अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. संच पाचशेच काढले गेले. बालकथेवर आधारलेली, ठरावीक संख्येतच छापलेली आणि वाचण्यासाठी नव्हे तर पाहण्यासाठी व भिंतीवर लावण्यासाठी केलेली चित्रे म्हणून संग्राहकांच्या जगात आजही या संचाचे नाव आदराने घेतले जाते.

मराठी वाचकाला या संचाविषयी कुतूहल वाटावे अशी कारणे पुष्कळ आहेत. या कथांचा लेखक मुंबईत जन्मला. कथांचे पहिले चित्रकार म्हणजे त्याचे वडील. ते मुंबईच्या कलाशाळेत शिकवीत. मोगलीच्या जंगलातून वाहणारी वैनगंगा पुढे भंडारा-गडचिरोलीची जीवनरेखा होते. आणि ज्या लांडग्यांनी त्या मुलाला वाढवले त्यांचे खरे घर कथेतल्या अरण्यापेक्षा मनमाड-येवल्याच्या उघड्या माळांना अधिक जवळचे आहे. पण त्याविषयी पुढे.

जे. जे.च्या आवारातून

सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. जॉन लॉकवुड किपलिंग तेथे वास्तुशिल्प शिकविण्यासाठी १८६५ मध्ये पत्नीसह मुंबईत आले आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला रुडयार्डचा जन्म झाला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या दर्शनी भागावरील शेतकरी-कष्टकऱ्यांची उठावशिल्पे लॉकवुड यांच्या हातची. मंडईत रोज जा-ये करणाऱ्या हजारोंपैकी कितीजण वर मान करून ती पाहतात, हा प्रश्न वेगळा. १८७५ मध्ये लॉकवुड लाहोरला गेले. तेथील मेयो कलाशाळेचे ते प्राचार्य आणि संग्रहालयाचे प्रमुख झाले. 'बीस्ट अँड मॅन इन इंडिया' हे भारतीय माणूस आणि त्याच्याभोवतीचे पशुपक्षी यांच्या नात्यावरचे त्यांचे पुस्तक १८९१ मध्ये निघाले. मुलाच्या जंगलकथांचे बीज या पुस्तकात शोधणारे अभ्यासक आहेत आणि ते अगदीच चुकतात असे म्हणता येणार नाही.

'द जंगल बुक' १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरा भाग पुढच्याच वर्षी आला. या कथा किपलिंगने भारतात बसून लिहिलेल्या नाहीत. त्या लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो या बर्फाळ गावी. ज्या सिवनीच्या जंगलात मोगली वाढतो ते त्याने प्रामुख्याने इतरांच्या लेखनातून उभे केले. रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याचे सातपुड्यातील शिकारी मुक्कामांवरचे पुस्तक १८७७ मध्ये निघाले होते, त्याचा आधार त्याला झाला. पहिल्या भागात सात कथा आहेत. त्यांपैकी मोगलीच्या केवळ तीन, हे दूरदर्शनवरच्या मालिकेवर वाढलेल्या पिढीला बहुधा नवे वाटेल. उरलेल्यांत रिक्की-टिक्की-टावी हे मुंगूस आहे, हत्तींचा टुमाई आहे आणि थेट बेरिंगच्या समुद्रातला पांढरा सील मासाही आहे.

पहिल्या आवृत्तीची चित्रे लॉकवुड आणि अन्य दोघांनी काढली. दुसऱ्या भागाची चित्रे एकट्या लॉकवुड यांची. त्यांच्या रेषेत हिंदुस्थानी माणसाचे बसणे, उठणे, पागोटे, अंगणातली भांडी हे सारे पाहिलेल्या माणसाचे आहे. मात्र ती चित्रे पुस्तकातली होती. कथेच्या सोबत चालायचे, तिच्यापुढे जायचे नाही, हा त्यांचा धर्म. डेटमोल्ड बंधूंनी नेमका हाच धर्म मोडला.

दोन भाऊ, एक कुंचला

चार्ल्स मॉरिस आणि एडवर्ड ज्युलियस यांचा जन्म १८८३ मध्ये लंडनच्या पटनी भागात झाला. रीतसर कलाशिक्षण त्यांनी फारसे घेतले नाही. लहानपणापासून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून प्राणी रेखाटणे ही त्यांची शाळा. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांची चित्रे रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागली. १८९९ मध्ये पक्ष्यांच्या चित्रांचे पुस्तक निघाले. धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापे घेण्याचे तंत्र त्यांनी स्वतः आत्मसात केले. अनेक कामे दोघांनी मिळून केली आहेत. एकाची रेषा कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे त्या कामांत सांगणे कठीण आहे.

जंगल बुकचा संच करताना त्यांनी घेतलेला निर्णय साधा दिसतो, परंतु परिणाम मोठा आहे. त्यांनी माणसाला मागे सारले. बघीरा झाडाच्या फांदीवर आहे. का अजगर आपल्या वेटोळ्यांच्या नक्षीसह चित्राची चौकट व्यापतो. शेरखान दाट पानोळ्यात अर्धा विरघळून गेलेला आहे, जणू त्याचे पट्टे म्हणजे पानांच्याच सावल्या. रिक्की-टिक्की आणि नाग समोरासमोर आहेत. एकटा लांडगा अकेला आहे. प्रत्येक चित्रात पान, शिंपले, खवले, केस यांचे निरीक्षण एखाद्या प्राणिशास्त्रज्ञाचे, पण मांडणी सजावटकाराची. जर्मन चित्रकार ड्युरर आणि जपानी लाकडी ठशांची चित्रे या दोहोंचा संस्कार त्यांच्या कामावर असल्याचे समीक्षकांनी वारंवार नोंदवले आहे. मोकळी सोडलेली जागा, चौकटीने मध्येच कापलेली आकृती, खोली दाखविण्यासाठी छायेऐवजी एकावर एक ठेवलेले सपाट रंग, ही जपानी शिकवण. केसन् केस मोजण्याचा हव्यास मात्र ड्युररचा.

मूळ चित्रे जलरंगातली. त्यांवरून रंगीत शिळामुद्रणाने छापे घेण्यात आले. शिळामुद्रण म्हणजे ज्याला जुन्या मराठीत शिळाछाप म्हणत ते. त्याचे तत्त्व एवढेच, की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या खाणीतून येणाऱ्या गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागाला शाई धरत नाही, तेलकट रेषेला धरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा, आणि कागद प्रत्येक वेळी नेमक्या त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला की वाघाला दोन नाके. असे चित्र छापणारा कारागीर हा चित्रकाराइतकाच कसबी असावा लागतो. त्याचे नाव मात्र चित्राखाली क्वचितच येते.

संच निघाल्यानंतरची हकीकत उदास करणारी आहे. हीच चित्रे घेऊन मॅकमिलनने १९०८ मध्ये 'द जंगल बुक'ची सचित्र आवृत्ती काढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉरिसने आपले जीवन संपवले. तो चोवीस वर्षांचा होता. एडवर्ड पुढे जवळजवळ अर्धशतक जगला. इसापच्या गोष्टी (१९०९), मधमाश्यांवरचे मॉरिस मेटरलिंकचे पुस्तक (१९११), फाब्रचे कीटकांवरचे पुस्तक (१९२१), अरबी सुरस कथा (१९२४) अशी एकाहून एक सरस चित्रे त्याने काढली. त्यानंतर तो हळूहळू कलाव्यवहारातून बाहेर पडला आणि १९५७ मध्ये त्यानेही भावाचाच मार्ग पत्करला. जंगल बुकचा संच हे त्या दोघांच्या एकत्र कामाचे शिखर ठरले. त्यापुढे त्या तोडीचे काम दोघांना मिळून करता आले नाही, कारण दोघे उरलेच नाहीत.

माळावरचा अकेला

मुंबईहून निघालेली रेल्वे कसारा घाट चढून नाशिकमार्गे मनमाडला येते आणि नांदगाव, चाळीसगावावरून भुसावळकडे जाते. १८७० मध्ये जबलपूर येथे मुंबई आणि कलकत्ता हे लोहमार्ग जोडले गेले, तेव्हा देशाच्या दोन टोकांमधला हाच रस्ता होता. १८७८ मध्ये दौंडकडचा फाटा मिळाला आणि मनमाड जंक्शन झाले. मोगलीच्या मुलखाकडे, म्हणजे सातपुडा आणि वैनगंगेच्या खोऱ्याकडे जाणारा मुंबईकर तेव्हाही मनमाडवरून जाई आणि नागपूर-पेंचकडे निघालेला पर्यटक आजही येथूनच जातो. पेंचचे जंगल मध्य प्रदेशातील सिवनी-छिंदवाडा आणि महाराष्ट्रातील नागपूर जिल्ह्यात पसरलेले आहे. दोन्ही राज्यांनी तेथे व्याघ्रप्रकल्प केले आहेत आणि दोन्हीकडच्या फलकांवर मोगली दिसतो.

गंमत अशी, की पेंचच्या सागवानी रानात वाघ, बिबटे, अस्वले, रानकुत्रे सारे भेटतात, पण कथेचा खरा नायक असलेला लांडगा तेथे विरळा. भारतीय लांडगा हा घनदाट अरण्याचा प्राणी नव्हे. त्याला उघडा माळ, खुरटे गवत, बोराटी-बाभळीची झुडपे आणि विश्रांतीपुरती एखादी घळ लागते. असा मुलूख दख्खनच्या पठारावर, सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग आणि नाशिक जिल्ह्याच्या कोरडवाहू तालुक्यांत आहे. मनमाडपासून जवळच येवला तालुक्यात ममदापूरचे राखीव संवर्धन क्षेत्र आहे. ते काळविटांसाठी प्रसिद्ध असले तरी त्याच माळांवर लांडगा आणि कोल्हाही वावरतो. पावसाळा सरला की या भागात मेंढपाळांचे वाडे बसतात. लांडगा त्यांच्या मागोमाग असतो. मेंढपाळ त्याला शिव्या घालतो, एखादे कोकरू गेले म्हणून कपाळाला हात लावतो. त्याच्याशी त्याचे जुने, न मिटणारे वैर आहे आणि त्या वैरात एक ओळखही आहे. किपलिंगच्या कथेत लांडग्यांची सभा शिळेवर भरते. ममदापूरच्या मेंढपाळाने ती शिळा दाखवा म्हटले तर अंकाई-टंकाईच्या डोंगराकडे बोट दाखविले असते.

दुसऱ्या भागातील एका कथेत मोगलीच्या कळपावर रानकुत्र्यांची धाड येते. ती येते दख्खनमधून. म्हणजे लेखकाच्या नकाशात आपला प्रदेश संकट येण्याची दिशा आहे! प्रत्यक्षात रानकुत्रा जंगलाचा आणि लांडगा माळाचा. किपलिंगने जागांची नेमकी अदलाबदल केली. कादंबरीकाराला ते माफ आहे. परंतु डेटमोल्ड बंधूंनी अकेला रेखाटला तो लंडनच्या पिंजऱ्यातील लांडगा पाहून. भारतात ते कधी आले नाहीत. तरीही त्या चित्रातल्या प्राण्याची सावध मान आणि अंगातला एकटेपणा माळावर पहाटे लांडगा पाहिलेल्या माणसाला परका वाटत नाही. निरीक्षण पुरेसे प्रामाणिक असेल तर मुलूख न पाहताही चित्र खरे उतरते, याचा असा पुरावा क्वचित सापडतो.

हा लांडगा मात्र आता संकटात आहे. माळराने 'पडीक' म्हणून नोंदली जातात, तेथे सौरप्रकल्प, खाणी, औद्योगिक वसाहती, रस्ते आणि वृक्षारोपणही येते. झाडे लावणे पुण्याचे काम असले तरी गवताळ माळावर ती लावणे म्हणजे लांडग्याचे, काळविटाचे आणि माळढोकाचे घर मोडणेच होय. वाघासाठी राखलेल्या जंगलांचा लाभ लांडग्याला मिळत नाही, कारण तो तेथे राहत नाही. मोगलीच्या गोष्टीने साऱ्या जगात लांडग्याला कुटुंबवत्सल म्हणून ओळख दिली, त्याचा उपयोग मनमाडच्या माळावर त्याला झालेला नाही.

संख्या का बांधायची

'मर्यादित आवृत्ती' ही कल्पना मराठी घराला तशी नवी. आपल्याकडे छापचित्र पोहोचले ते अमर्याद होऊन. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या प्रेरणेने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. या छापखान्यांनी लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, शिवाजी महाराज यांना घराघरांत नेले. त्या चित्रांवर क्रमांक नसे, संख्येचे बंधन नसे, किंमत परवडणारी असे. देव सर्वांना मिळावा, हा हिशेब त्यामागे होता. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले आणि जे. जे.त शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्मा छापखान्यासाठी शिळाछापाचे काम केले आणि पुढे स्वतःचा छापखाना चालवला. 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) दृष्टी काही अंशी तरी त्या दगडावर घडली, असे म्हणायला हरकत नाही.

मर्यादित आवृत्तीचा हिशेब याच्या उलट आहे. ठराविक प्रती काढायच्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक आणि चित्रकाराची सही करायची. १२/५० असे लिहिले असेल तर पन्नासांतील बारावी प्रत. काही प्रती चित्रकारासाठी राखून ठेवतात, त्यांवर तसे लिहितात. आवृत्ती पूर्ण झाली की ठसा रद्द करतात, म्हणजे पत्र्यावर आडवी रेघ ओढतात किंवा दगड घासून टाकतात. पुढे पन्नासाची एकावन्न होणार नाही, या विश्वासालाच किंमत आहे. कागद, शाई आणि श्रम यांची बेरीज केली तर किंमत पुष्कळ कमी भरेल. डेटमोल्ड यांच्या काळी सही-क्रमांकाची ही रीत आजच्याइतकी सार्वत्रिक झाली नव्हती, हेही लक्षात ठेवावे.

यात एक भेद नीट समजून घेण्याजोगा आहे. चित्रकाराने स्वतः दगडावर, पत्र्यावर किंवा लाकडावर काम करून घेतलेला छापा म्हणजे मूळ छापचित्र. त्याच्या मागे दुसरे 'मूळ चित्र' नसते. याउलट आधी रंगवलेल्या चित्राची मर्यादित संख्येत घेतलेली प्रतिकृती हा वेगळा प्रकार. जंगल बुकचा संच दुसऱ्या प्रकारात मोडतो. हल्ली शाईफेक पद्धतीच्या संगणकीय छपाईने काढलेल्या प्रतींनाही मर्यादित आवृत्ती म्हणतात. त्यात गैर काही नाही, विकणाऱ्याने ते स्पष्ट सांगावे इतकेच.

बालकथा आणि छापचित्र यांची जगातली सोयरीक मोठी आहे आणि तिचा एक धागा आपल्याकडे पोहोचतो. पॅरिसचे चित्रव्यापारी आंब्रोआज व्होलार यांनी मार्क शगालकडून ला फोंतेनच्या बोधकथांवर शंभर कोरीव छापचित्रे करून घेतली. काम १९३० पर्यंत झाले, पण प्रसिद्ध व्हायला १९५२ उजाडले, तोवर व्होलार हयात नव्हते. एका रशियन ज्यू चित्रकाराला फ्रेंचांचा लाडका कवी का द्यावा, अशी ओरड तेव्हा झाली. व्होलार यांचा युक्तिवाद असा, की या कथांचे मूळच पूर्वेकडचे आहे. तो खरा होता. ला फोंतेनने १६७८ च्या संग्रहात पिल्पे या भारतीय ऋषीचे ऋण स्वतः मान्य केले आहे. हा पिल्पे म्हणजे अरबी-फारसी वळणे घेत पोहोचलेले आपले पंचतंत्र. डेव्हिड हॉकनी यांनी ग्रिम बंधूंच्या सहा कथांवर एकोणचाळीस छापचित्रे केली, ती १९७० मध्ये आली. साल्वादोर दाली यांचा 'अॅलिस'चा संच १९६९ चा.

दालींचे नाव निघाले की ग्राहकाने खिसा सांभाळावा. कोऱ्या कागदांवर आगाऊ सह्या करून देण्याची सवय त्यांना लागली. १९७४ मध्ये फ्रान्सच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवलेल्या एका मालमोटारीत त्यांच्या सहीचे सुमारे ४०,००० कोरे कागद सापडले. त्यांवर पुढे कोणी काय छापायचे, याला धरबंध उरला नाही. सही खरी आणि चित्र खोटे, असा अजब प्रकार बाजारात आला. तेव्हापासून जाणकार नुसत्या सहीवर भिस्त ठेवत नाहीत.

घेणाऱ्याने काय पाहावे

जंगल बुकची डेटमोल्ड चित्रे आज ज्या रूपांत विकायला येतात ती तीन. १९०३ च्या संचातील पाने, १९०८ आणि नंतरच्या पुस्तकांतून कापलेली पाने, आणि अलीकडच्या प्रतिकृती. तिन्हींना विक्रेते सर्रास 'अस्सल जुने प्रिंट' म्हणतात. आकार हा पहिला खुणेचा दगड. संचातील चित्रे मोठी आहेत, पुस्तकातली पुस्तकाच्या पानाएवढी. दुसरी परीक्षा भिंगाची. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली जुन्या शिळाछापात रंग दाणेदार, अनियमित दिसतो. ऑफसेटच्या छपाईत ठिपक्यांच्या नेटक्या रांगा, लहान लहान गुलाबपुष्पांसारख्या दिसतात. कोरीव छापचित्र असेल तर पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर बोटाला जाणवतो. कागदाच्या मागची बाजूही पाहावी. कापलेल्या पानाला एका कडेला बांधणीच्या खुणा असतात.

जुन्या किपलिंग-पुस्तकांच्या वेष्टनावर हत्तीचे मुख आणि स्वस्तिक असलेले चिन्ह दिसते. ते लॉकवुड यांनी योजलेले, गणपतीवरून सुचलेले. जर्मनीत नाझींनी स्वस्तिक बळकावल्यावर किपलिंगने ते आपल्या पुस्तकांवरून काढायला लावले. एखाद्या प्रतीचा काळ ठरवताना ही खूण कामाला येते. चिन्ह पाहून दचकण्याचे कारण नाही, ते आपल्याच दारातल्या रांगोळीतले आहे.

पुस्तक फाडून चित्रे विकण्याचा व्यवसाय जगभर चालतो, मुंबईतल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातही चालतो. एका पुस्तकापेक्षा त्यातील सोळा पाने चौकटीत घालून विकली तर अधिक पैसे मिळतात, हे त्याचे साधे गणित. संचांचेही तेच झाले. एक चित्र बैठकीत, एक शयनगृहात, बाकीची नातेवाइकांत, अशा वाटण्या होऊन पूर्ण सोळा चित्रे एकत्र असलेला संच दुर्मीळ झाला. सुटे पान विकत घेणे हा गुन्हा नाही. पण पूर्ण पुस्तक समोर असताना त्यातील एक पान कापून मागणारा ग्राहक त्या पुस्तकाचा शेवट स्वतः लिहीत असतो.

प्रतिकृती घेणाऱ्याने हक्कांचे गणितही जाणून घ्यावे. भारतीय कायद्यात निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. मॉरिस १९०८ मध्ये आणि एडवर्ड १९५७ मध्ये गेला. म्हणजे या चित्रांवरील हक्क भारतात २०१७ अखेर संपला. ब्रिटनमध्ये ही मुदत सत्तर वर्षांची असल्याने एडवर्डच्या चित्रांबाबत ती २०२७ अखेरपर्यंत आहे. आपल्याकडे ही चित्रे कोणीही छापू शकतो. त्यामुळे 'मर्यादित आवृत्ती' म्हणून नव्या प्रतिकृतीला चढी किंमत सांगणाऱ्याला, ही मर्यादा कोणी घातली आणि उद्या शेजारच्या दुकानदाराला ती कशी लागू होईल, असे विचारावे.

घरी आणलेल्या चित्राचे शत्रू ओळखीचेच आहेत. ऊन, दमट हवा, कसर आणि वाळवी. मनमाडसारख्या कोरड्या गावी कागद मुंबईपेक्षा बरा टिकतो, मात्र उन्हाळ्यातील झळ आणि धूळ तेथे जास्त. चित्राला चौकट करताना मागे साधा पुठ्ठा लावला की त्यातील आम्लाने काही वर्षांत कागद तपकिरी पडतो, म्हणून आम्लविरहित पुठ्ठाच मागावा. काच चित्राला चिकटू नये, यासाठी मध्ये पुठ्ठ्याची कड हवी. चिकटपट्टी कधीही नको. ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि जिच्यावर दुपारचे ऊन पडते, त्या दोन्ही भिंती टाळल्या तरी निम्मे काम होते.

मराठी गोष्टी कोठे आहेत

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मराठीतील बालवाङ्मयाचा एवढा मोठा ठेवा या जिल्ह्यात जन्मला. बालमित्र, इसापनीती यांची मराठी रूपे तर सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास आणली होती. असे असताना मराठी बालकथेवर चित्रकाराने स्वतः ठसा कोरून, संख्या बांधून केलेली छापचित्रे शोधायला गेले तर हाताला फार थोडे लागते. याचा अर्थ चित्रे नव्हती असा नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मुखपृष्ठे, दिवाळी अंक आणि दिनदर्शिकांतून पिढ्यांची नजर घडवली. 'चांदोबा'तील विक्रम-वेताळाचे चित्र, ते शंकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचे, कोणाला आठवत नाही? खांद्यावर प्रेत, हातात तलवार, स्मशानातल्या वाटेवर राजा. शंकर २०२० मध्ये गेले. त्याआधीच मासिक बंद पडले होते.

ही चित्रे मासिकाच्या कागदावर छापली, वाचली, रद्दीत गेली. हजारो प्रती निघाल्या म्हणून कोणी जपल्या नाहीत. पाचशेच निघाल्या असत्या तर कदाचित जपल्या असत्या. पाठ्यपुस्तक मंडळाच्या 'किशोर' मासिकाने १९७१ पासूनचे आपले अंक संगणकीय रूपात सर्वांसाठी खुले केले, हे त्यातल्या त्यात मोठे काम झाले. त्या अंकांची पाने चाळताना एकाहून एक चित्रकार भेटतात. मात्र पडद्यावरचे चित्र हे चित्राची नोंद असते. मूळ कागद, त्यावरचा पांढरा रंग लावून झाकलेला चुकलेला हात, कडेला छापखान्यासाठी पेन्सिलीने लिहिलेली सूचना, हे त्यात येत नाही. असे मूळ कागद अजूनही चित्रकारांच्या घरांतील कपाटांवर, ट्रंकांत, गुंडाळ्यांत पडून आहेत. त्यांपैकी काहींवरून चित्रकाराच्या किंवा वारसांच्या संमतीने, पन्नास-शंभर प्रतींचे संच काढणे आजच्या छपाईत खर्चाचेही राहिलेले नाही. जे. जे.मध्ये छापचित्रणाचे शिक्षण आजही दिले जाते. विषयाची वाण नाही. चिमणी-कावळ्याच्या घरापासून भोपळ्यात बसून निघालेल्या म्हातारीपर्यंत साऱ्या गोष्टी कोणाच्याही मालकीच्या नाहीत, आणि त्या म्हातारीच्या वाटेवर लांडगाही आहेच.